गेट बंद, बाभळी पिवळ्या

गोंदिया जिल्ह्यात भटकायचं म्हणजे उन्हाळ्यात नागझिऱ्याचं गेट गाठायचं आणि जाता-येता पळस बघायचा, हा ठरलेला बेत. फुलांसाठी निघणाऱ्याने तो उलटा करावा. भर पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पातली सफारी बंद असते आणि त्याच दिवसांत धानाच्या बांध्यांवरची बाभूळ पिवळी होते, झुडपी रानात खैराचे दुधी तुरे लोंबू लागतात. ही फुलं बघायला परमिट लागत नाही, जिप्सीही नाही. बाभळीचं गोत परदेशातही आहे: इटलीत ८ मार्चला, महिला दिनी, ‘मिमोसा’ म्हणून जी पिवळी फांदी हातात देतात ती मूळ ऑस्ट्रेलियातल्या झाडाची, म्हणजे आपल्या बाभळीच्या लांबच्या भावकीतली. गंमत अशी, की ‘अकेशिया’ हे नाव मुळात काट्यांवरून बाभळीलाच पडलेलं. २००५ साली व्हिएन्नात वनस्पतिशास्त्रज्ञांनी घेतलेल्या निर्णयाने ते ऑस्ट्रेलियन भावंडांकडे गेलं आणि बाभूळ ‘व्हॅचेलिया’ झाली.

पळसापुढे बाभूळ फिकी, असं कुणीही म्हणेल. लांबून ते खरंच आहे. पळस शंभर पावलांवरून दिसतो, बाभळीच्या मात्र हातभर जवळ जावं लागतं. तिचा पिवळा गोंडा म्हणजे एक फूल नव्हे, इवल्या फुलांचा झुबका. पाकळ्या जेमतेम दिसतात, रंग सगळा पुंकेसरांचा. खिशात साधं भिंग ठेवा. शिवाय हे झाड एकटं बघायचंच नाही. पानं बारीक, म्हणून सावली विरळ. मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. लाकूड नांगराला, बैलगाडीला चालतं. अशा हिशोबाने शेतकऱ्याने तिला धुऱ्यावर राहू दिलं आणि खाली साचलेलं पाणी, हिरवं धान, वर पिवळे गोंडे असा देखावा आपसूक जमला. एप्रिलमध्ये त्याच बांध्या उघड्या पडलेल्या असतात, झाडही धुळकट दिसतं. रस्त्याकडेचे बिनकाट्यांचे पांढरे गोंडे सुबाभळीचे. त्यांना फसू नका.

काटे आणि चिखल ही तक्रार मात्र रास्त आहे. जाड तळव्याचे बूट घाला, सायकल असेल तर पंक्चरचं सामान ठेवा. सौंदड ते अर्जुनी हा पट्टा किंवा नवेगावबांध तलावाच्या बाहेरची शेतं सकाळी धरा. नव्याने लिंपलेल्या धुऱ्यावर विचारल्याशिवाय पाय देऊ नका. ढग गडगडले की एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, वीज तिथेच पडते. गोंदिया तालुक्यात परसवाड्याकडे गेलात तर सारसाचं घरटं धानातच असू शकतं. जोडी ओरडू लागली की मागे फिरा. सुट्टी मे महिन्यातच मिळत असेल तर संध्याकाळी शिरीष शोधा, आधी वास येईल. आणि पावसाळ्यात वाटेकडेच्या गवतात गुलाबी गोंडा दिसला, तर पानाला बोट लावून बघा. पान मिटलं तर ती लाजाळू: दक्षिण अमेरिकेतून आलेली आणि शास्त्राच्या नावानेही अस्सल मिमोसा.