नकाशावरची पट्टी की पृथ्वीगोलावरचा दोरा?



नववीच्या वर्गात मी एकदा प्रश्न दिला. फिनलंडमधील हेलसिंकी ते अलास्कातील अँकरेज, या दोन विमानतळांतलं हवाई अंतर किती? मुलांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. एका मुलीने मात्र पृथ्वीगोलावर दोरा ताणला. तिचं उत्तर इतरांच्या एक तृतीयांश आलं आणि मी घाईघाईत ते चूक ठरवलं. घरी येऊन गणित मांडलं, तेव्हा कळलं की बरोबर तीच होती.

आपणही करून पाहू या. दोन्ही शहरं साधारण ६०° उत्तर अक्षवृत्तावर आहेत. हेलसिंकी २५° पूर्व आणि अँकरेज १५०° पश्चिम रेखांशावर, म्हणजे फरक १७५°.

१) पट्टीचं उत्तर : विषुववृत्तावर १° म्हणजे सुमारे १११ किमी. १७५ × १११ = १९,४२५ किमी. पण हे माप ६०° वर चालत नाही. नकाशा तिथली जमीन ताणून दाखवतो.

२) अक्षवृत्तावरून : ६०° वर रेखावृत्तं जवळ येतात. cos ६०° = १/२, म्हणून १° म्हणजे ५५.५ किमी. १७५ × ५५.५ = सुमारे ९,७०० किमी. हिशोब बरोबर, पण हा रस्ता सर्वांत जवळचा नाही.

३) ध्रुवाजवळून : रेखांशांतला फरक जवळजवळ १८०° आहे, म्हणजे शहरं ध्रुवाच्या समोरासमोर. ध्रुवापर्यंत ३०° आणि पलीकडे साधारण २९°. ५९ × १११ = सुमारे ६,५०० किमी. हाच बृहद्वृत्ताचा मार्ग, आणि ताणलेला दोरा तोच शोधतो.

वर्गात असं घ्या : दोरा आधी विषुववृत्ताभोवती गुंडाळून मोजा. ३० सेमी व्यासाच्या गोलावर तो सुमारे ९४ सेमी भरेल. ९४ सेमी म्हणजे ४०,००० किमी. मग दोन शहरांमध्ये दोरा ताणा, तो १५ सेमीच्या थोडा वर येईल. पुढे साधं त्रैराशिक.

मुलं विचारतील, "सर, विमान अगदी याच रस्त्याने जातं का?" नेहमी नाही. वारा, हवाई मार्ग आणि देशांच्या परवानग्या आड येतात. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. दोरा कमीत कमी अंतर सांगतो, प्रत्यक्ष प्रवास त्याहून थोडा जास्तच असतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर चूक कबूल केली आणि त्या मुलीलाच फळ्यावर उदाहरण सोडवायला लावलं. वेगळं उत्तर आलं की खोडण्याआधी "कसं काढलंस?" एवढं विचारायला मी तेव्हा शिकलो.

घरी करण्यासाठी : मुंबई ते न्यूयॉर्क. उत्तर १२,५०० किमीच्या आसपास यायला हवं. पालकांनो, दोऱ्याचं एक टोक तुम्ही धरा!