खोलीपुढची ताडपत्री: किती रुपयांची, किती वर्षांची?

मुंबईत करी रोडच्या चाळींत मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक ठरलेलं दृश्य दिसतं. एक जण स्टुलावर चढलेला, दुसरा स्टूल धरून उभा, आणि तिसरा, ज्याच्या हाताला काहीच काम नाही, तो "अजून जरा डावीकडे" असं सांगत असतो. गॅलरीला निळी ताडपत्री चढते. जूनमध्ये पहिला जोराचा वारा सुटला की त्यातल्या कितीतरी कोपऱ्यातून फाटतात आणि गणपती येईपर्यंत त्यांच्या चिंध्या तशाच लोंबत राहतात. शिव्या कापडाला पडतात. खरी चूक बहुतेक वेळा मापाची नाहीतर दोरीची असते.

कुलाब्याला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो नैर्ऋत्येकडून, वाऱ्यावर स्वार होऊन येतो. म्हणून पश्चिमेला तोंड असलेल्या गॅलरीत पाणी वरून येत नाही, आडवं येतं. या झडीपासून दार, चपलांचं कपाट, वाळत घातलेले कपडे आणि विजेचा मीटर वाचवायला किती खर्च करावा, त्याचा हा हिशेब.

घाईत असाल तर एवढंच वाचा

साध्या गॅलरीला २०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारी), यूव्ही प्रक्रिया केलेली एचडीपीई ताडपत्री पुरते. वारा थेट अंगावर येत असेल तर पीव्हीसीचा लेप असलेली घ्या. पातळ निळी ताडपत्री स्वस्त दिसते, पण वर्षाच्या हिशेबात तीच सगळ्यांत महाग पडते.

आधी माप, मग बाजार

गॅलरीची मोकळी बाजू मोजा: रुंदी, आणि वरच्या तुळईपासून कठड्याच्या खालपर्यंतची उंची. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट आणि खाली एक फूट जास्त धरा. म्हणजे अकरा फूट रुंद आणि आठ फूट उंच मोकळ्या बाजूला १२ बाय ९ ची ताडपत्री लागते. हे माप बाजारात तयार मिळतं.

एक बारकावा लक्षात ठेवा. तयार ताडपत्रीवर लिहिलेलं माप बऱ्याचदा शिवण्याआधीचं असतं. काठ दुमडून शिवला की ती काही इंच कमी भरते. म्हणून दुकानात "तयार माप किती?" असं विचारा आणि शक्य असेल तर तिथेच उलगडून मोजा.

कापड कोणतं?

हिंदीतला तिरपाल हा शब्द इंग्रजी टारपॉलिनवरून आला. टार म्हणजे डांबर. पूर्वी जाड कापडाला डांबर फासून त्यातून पाणी शिरणार नाही असं करत. आपलं मेणकापडही त्याच युक्तीचं. आज बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात.

एचडीपीई: प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून दोन्ही बाजूंनी पातळ थर दिलेली. हलकी, घडी छोटी होते. ऊन हा तिचा खरा शत्रू. यूव्ही प्रक्रिया नसेल तर एका ऑक्टोबरच्या उन्हात ती कडक होते आणि बोटाने दाबली तरी तडकते. या प्रकारासाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे. ताडपत्रीवर ते छापलेलं असेल तर उत्तम.

पीव्हीसी लेपाची: ट्रकवर दिसते ती. जड, मऊ, वाऱ्यात कमी फडफडते. जोड उष्णतेने चिकटवता येतो, त्यामुळे शिवणीतून पाणी झिरपत नाही.

सुती कॅनव्हास, म्हणजे जुन्या लोकांचं किंतान: ओलं झालं की धागा फुगतो आणि वीण घट्ट होते. हवा खेळती राहते, आत घाम धरत नाही. पण ओल्या कापडाला आतून पाठ किंवा कपडे टेकले की तिथून पाणी उतरायला लागतं. ओलं गुंडाळून ठेवलं तर बुरशी येऊन कुजतं.

जुना फ्लेक्स: नेत्याच्या वाढदिवसाचा, जवळजवळ फुकट. एका पावसाळ्यापुरतं काम निघतं. पण त्याला एकदा चीर गेली की ती थांबत नाही. लावायचाच तर छापील बाजू आत ठेवा, नाहीतर चार महिने शेजाऱ्यांना तोच चेहरा बघावा लागेल.

अ‍ॅक्रिलिक कापड दुकानांच्या आणि हॉटेलांच्या गुंडाळत्या छपरांना वापरतात. चाळीच्या गॅलरीसाठी तो खर्च परवडत नाही.

स्वयंपाकघरातला वजनकाटा

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. पाकिटावर काहीही छापता येतं, पण काटा खोटं बोलत नाही. १२ बाय ९ म्हणजे १०८ चौरस फूट, जवळजवळ बरोबर दहा चौरस मीटर. म्हणून हिशेब तोंडी होतो: २०० जीएसएमची ताडपत्री सुमारे दोन किलो भरली पाहिजे, १२० ची सव्वा किलोच्या आसपास. काठ आणि रिंगांमुळे थोडी जास्त भरेल, खूप कमी मात्र भरता कामा नये.

मी एकदा "दोनशेची आहे, डोळे मिटून घ्या" असं ऐकून डोळे मिटून घेतलेली ताडपत्री घरी एक किलो तीनशे ग्रॅम भरली. तेव्हापासून दुकानातच काट्यावर ठेवायला सांगतो. जो दुकानदार नाही म्हणतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

खर्चाचा हिशेब

पुढचे दर १२ बाय ९ च्या ताडपत्रीसाठी, हिशेबापुरते धरलेले आहेत. पेठेप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे ते हलतील, पण त्यांच्यातलं प्रमाण साधारण असंच राहतं.

- पातळ निळी, १२० जीएसएमपर्यंत: चौरस फुटाला ३ रुपये, एकूण सुमारे ३२५. टिकते एक पावसाळा.
- एचडीपीई, २०० जीएसएम, यूव्ही: चौरस फुटाला ७ रुपये, एकूण सुमारे ७५०. नीट वापरली तर तीन पावसाळे.
- पीव्हीसी लेपाची, ५०० जीएसएमच्या आसपास: चौरस फुटाला २० रुपये, एकूण सुमारे २,१६०. सहा पावसाळे.
- सुती कॅनव्हास: चौरस फुटाला ३५ रुपये, एकूण सुमारे ३,८००. पाच पावसाळे, तेही दरवर्षी कोरडा करून ठेवला तर.

आता यात बांधणाऱ्याची मजुरी धरा. नवी ताडपत्री पहिल्यांदा चढवायला ६०० रुपये धरले, आणि पुढच्या वर्षी तीच घरच्यांनी चढवली, तर पातळ निळी वर्षाला ९२५ रुपयांना पडते, कारण मजुरी दरवर्षी नव्याने द्यावी लागते. २०० जीएसएमची वर्षाला ४५० ला पडते. पीव्हीसीची ४६० ला, म्हणजे जवळजवळ तेवढीच. कॅनव्हास पावणेनऊशेच्या घरात जातो.

त्यामुळे मधल्या दोन प्रकारांत पैशाने फरक पडत नाही. वारा किती आणि घरात ठेवायला जागा किती, यावर निवड करा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच किलोची जाड घडी आठ महिने कुठे ठेवणार, हा प्रश्न वीस रुपये फुटाच्या दरापेक्षा मोठा आहे. पहिल्या वर्षीही घरातली माणसंच बांधणार असतील तर मजुरी जाते आणि २०० जीएसएमची वर्षाला २५० रुपयांवर येते.

दोरी, खालचा पाईप आणि हुक यांचे पाचशे-सहाशे रुपये वेगळे ठेवा. हा खर्च एकदाच होतो.

कुठे आणि कधी

लालबाग-परळच्या हार्डवेअरच्या दुकानांत एक-दोन मापं मिळतात. पर्याय बघून घ्यायचे असतील तर करी रोडहून धीम्या लोकलने चौथं स्टेशन, मस्जिद. तिथून लोहार चाळीपर्यंतच्या पट्ट्यात ताडपत्री मिळते आणि नागदेवी स्ट्रीटला दोऱ्या. रोहिणी नक्षत्र लागायच्या आधी, म्हणजे २५ मेच्या आत जा. मृगाची पहिली सर पडली की दर चढतो आणि दुकानदाराला काट्याची चेष्टा वाटू लागते. बिल घ्या, त्यावर माप आणि जीएसएम लिहून घ्या.

बांधणी

ताडपत्री फाटते ती रिंगेपाशी. वारा तिला हिसका देतो आणि दोरी हलत नाही. इलाज पाच रुपयांचा आहे: सायकलच्या जुन्या ट्यूबच्या गोल चकत्या कापा आणि रिंग आणि दोरी यांच्या मध्ये एकेक अडकवा. हिसका रबर खातं.

सुतळी वापरू नका. ओली झाली की ती आखडते. कोरड्या दिवशी ताणून बांधलेली सुतळी पावसात रिंगच उपटून काढते. नायलॉन उलट ओलं झाल्यावर ताणतं, म्हणून पहिल्या पावसानंतर गाठी एकदा आवळून घ्या.

रिंग निघालीच तर ताडपत्री टाकून देऊ नका. कापडाखाली एक गोटी ठेवा, वरून कापड आवळा आणि त्या गाठोड्याच्या मानेला दोरी बांधा. रिंगेपेक्षा हा सांधा मजबूत होतो.

खालच्या काठात एक इंची प्लॅस्टिकचा पाईप घाला आणि दोन दोऱ्या त्याखालून वर तुळईवरून घ्या. चिकाच्या पडद्यासारखी ताडपत्री वर गुंडाळता येते. पाऊस थांबला की गुंडाळा. रात्रंदिवस बंद ठेवलेल्या गॅलरीत भिंतीला ओल धरते आणि कपड्यांना कुबट वास येतो. म्हणूनच वरच्या बाजूलाही चार-पाच बोटं फट ठेवावी. खालचा काठ कठड्याच्या बाहेर सोडा, म्हणजे निथळणारं पाणी आत येणार नाही. बाहेरची गाठ मारायला कठड्यावर चढू नका. आतून हात पोचेल अशीच दोरी ठेवा.

आडवी ताडपत्री असेल तर

पत्र्यावर, कौलांवर किंवा मोरीच्या वर आडवी टाकायची असेल तर उतार हाच सगळा प्रश्न आहे. चार फुटांत निदान एक फूट उतार हवा. तीन बाय तीन फुटांच्या झोळात चार इंच पाणी साचलं तर त्याचं वजन सुमारे ८५ किलो होतं. म्हणजे एक मोठा माणूस तुमच्या ताडपत्रीवर बसलेला आहे.

कोळीवाड्यांत हे सगळ्यांना ठाऊक असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. मधोमध आडवा बांबू उंच बांधून त्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना सोडली की घराच्या आढ्यासारखा आकार येतो आणि पाणी कुठेच थांबत नाही. घरावरही हाच आकार द्या. दाबायला दगडांऐवजी वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवा आणि ताडपत्रीतून खिळा कधीच ठोकू नका.

घडीत साचलेलं पाणी डासांना पुरतं. पालिकेची माणसं पावसाळ्यात गच्चीवर पहिल्यांदा ताडपत्री उचलून बघतात ती याचसाठी. आठवड्यातून एक दिवस ठरवून पाणी झटका.

शेजारी, पालिका आणि वीज

तुमच्या ताडपत्रीचं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत पडत असेल तर भांडण जूनमध्ये सुरू होतं आणि गौरी-गणपतीपर्यंत चालतं. बांधायच्या आधी खाली जाऊन विचारा, पाणी पन्हळीत सोडता येतं का ते बघा.

गॅलरीच्या आतला पडदा वेगळा आणि बाहेर काढलेली पावसाळी शेड वेगळी. बाहेर काहीही काढायचं असेल तर आधी विभाग कार्यालयात विचारा: रेल्वेच्या पूर्वेला एफ दक्षिण, पश्चिमेला जी दक्षिण. छतच गळत असेल आणि इमारत उपकरप्राप्त असेल तर ताडपत्रीवर भागवू नका. दुरुस्तीसाठी म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तडा गेलेली तुळई ताडपत्रीने फक्त डोळ्यांआड होते.

बेस्टच्या मीटरला आणि वायरींना कापड टेकू देऊ नका. एचडीपीई पेटली की वितळून थेंब पडतात, त्यामुळे गॅलरीत शेगडी किंवा समई असेल तर तिथलं कापड बाजूला बांधा. जिन्याकडे जाणारी वाट मोकळी ठेवा. चाळीत गॅलरी हीच पळायची वाट असते.

उतरवायची तारीख

मुंबईतून पावसाळा साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो. दसऱ्याला, फार तर त्यानंतरच्या रविवारी ताडपत्री उतरवा. ऑक्टोबरचं ऊन तिचं जेवढं आयुष्य खातं तेवढं पाऊस खात नाही, आणि दिवाळीत फटाक्याची एक ठिणगी पुरते.

साबणाच्या साध्या पाण्याने धुवा. आजूबाजूच्या बांधकामांची धूळ घडीत राहिली तर पॉलिश पेपरसारखी घासते. दोन दिवस सावलीत वाळवा, दरवर्षी वेगळ्या रेषेवर घडी घाला आणि आत कागदाचा एक तुकडा ठेवा: माप, वजन, घेतल्याचं वर्ष, आणि कुठला कोपरा कमजोर झाला ते. पुढच्या मे महिन्यात स्टुलावर चढणाऱ्याच्या हातात आधी तो कागद द्या. "अजून जरा डावीकडे" म्हणणाऱ्यालाही वाचायला काहीतरी होईल.