तगरीवरची हिरवी अळी

तगरीचे कोवळे शेंडे दोन दिवसांत फस्त झाले की बहुतेकांचा हात आधी फवाऱ्याकडे जातो. फवारा राहू द्या, झाडाखालची फरशी बघा. तिथे खाचा असलेल्या जाड, काळपट लेंड्या पडल्या असतील तर मान वर करा. ऑलिएंडर हॉकमॉथ या पतंगाची अळी तिथेच वर कुठेतरी बसलेली असणार. कण्हेरीवरही ती सापडते.

रंग पानासारखाच, त्यामुळे पटकन दिसत नाही. पानं खालच्या बाजूने तपासा. मोठी अळी चांगली बोटभर असते. बाजूने पांढरी रेघ, शेपटीवर आखूड पिवळसर शिंग. फांदीला हलका धक्का दिला की ती डोकं आत ओढून दोन निळे डोळे वटारते. डोळे खोटे आणि शिंगही टोचत नाही. जपायचं ते झाडाच्या विषारी चिकापासून. हात धुवा, डोळ्यांना लावू नका.

लहान अळी घरात आणू नये, असं माझं मत. झाडावरच राहू द्या, रोज शेजारी पट्टी धरून फोटो काढा. मोहरीएवढी फिकट हिरवी अंडी कोवळ्या पानांवर एकेकटी मिळाली, तर गोष्ट पहिल्यापासून बघता येईल.

पूर्ण वाढलेली अळी खाणं सोडते, तपकिरी पडते आणि खाली उतरून भटकू लागते. आता डबा घ्या: तळाला तीन इंच दमट माती, वर सुका पाचोळा, तोंडाला पातळ सुती कापड. एक खरखरीत काटकी तिरकी उभी करा. ही विसरू नका. बाहेर पडलेला पतंग काहीतरी धरून लोंबकळला तरच त्याचे पंख उलगडतात; नाहीतर ते चुरगळलेलेच वाळतात आणि तो कधीच उडत नाही.

अळी पाचोळ्यात चार धागे ओढून कोषात जाते. उकरू नका, डबा सावलीत ठेवा, माती सुकली तर पाणी शिंपडा. उबदार हवेत साधारण दोन आठवडे लागतात. कोष काळवंडला की रात्री लक्ष ठेवा.

कधी पतंगाऐवजी परजीवी माश्या निघतात. त्यांनाही बाहेर सोडा.

पतंग मात्र संध्याकाळी सोडावा, दिवसा पक्षी टिपतात. आणि तगरीची चिंता नको, पावसाळ्यात तिला लगेच नवी पालवी फुटते.