रात्रीची लाईट आणि स्वप्नातली जाग

युसूफ वडगावच्या शिवारात रब्बी सुरू झाली की झोपेच्या वेळा शेतीपंपाची वीज ठरवते. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात माणूस चार-पाच तास झोपतो, गजर झाला की उठतो, मोटार चालू करतो, हरभऱ्याला किंवा उसाला दारं धरतो आणि पहाटे येऊन पुन्हा अंग टाकतो. त्या पहाटझोपेत पडणारी स्वप्नं भलतीच ठळक असतात.

ल्युसिड ड्रीम, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं, शिकवणारे व्हिडिओसुद्धा हीच युक्ती सांगतात. पाच तास झोपा, गजर लावून उठा, थोडं जागे राहा, पुन्हा झोपा. झोपेची आवर्तनं साधारण नव्वद मिनिटांची असतात आणि स्वप्नांचा ‘रेम’ टप्पा पहाटेकडे लांबत जातो, म्हणून त्या वेळची जाग कामाला येते.

यात भोंदूगिरी नाही. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या स्वप्न पाहणाऱ्याकडून झोपेतून खूण मिळवली. रेम झोपेत हातपाय लुळे असतात, पण डोळे हलतात. वर्स्ली यांनी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि यंत्राने ते टिपलं. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं आणि ‘माइल्ड’ हे तंत्र बसवलं. त्यात पुन्हा झोपताना नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यात आपल्याला भान आलंय असं डोळ्यांपुढे आणायचं आणि ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा मला ते ओळखू येईल’ असं मनात घोळवायचं.

यश किती? ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठाच्या डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ सालच्या अभ्यासात दिवसा वास्तव तपासणं (म्हणजे आपण स्वप्नात तर नाही ना, हे पाहणं), पाच तासांनी उठणं आणि माइल्ड ही तिन्ही एकत्र करणाऱ्यांना आठवडाभरात सुमारे १७ टक्के रात्री यश आलं. माइल्डनंतर पाच मिनिटांत झोप लागली तर ते ४६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे पडल्या पडल्या झोप लागणाऱ्याला हे जमतं. कूस बदलत राहणाऱ्याची झोपही जाते आणि स्वप्नही.

प्रस्तुत लेखकाने हा नाद रात्रीच्या लाईटच्या हंगामातच लावून घेतला. आधीच तुटलेल्या झोपेला त्याने आणखी गजर जोडले. काही स्वप्नांत भान आलं. एकदा तर बांधावरून तो विहिरीवर तरंगतही गेला. पण दिवसा मोटारसायकलवर डुलक्या येऊ लागल्या. मग एका पहाटे डोळे उघडे, अंग दगड आणि छातीवर कुणीतरी बसलेलं! घरच्यांनी उतारा टाकायचं ठरवलं.

ते भूत नव्हतं, निद्रा-पक्षाघात होता. मेंदू जागा होतो, पण रेम झोपेतला लुळेपणा उतरलेला नसतो. आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येणारे सर्वसाधारण लोकांत सुमारे ८ टक्के आणि विद्यार्थ्यांत सुमारे २८ टक्के असल्याचं २०११ च्या एका आढाव्यात दिसलं. अपुरी, तुटक झोप आणि उताणं झोपणं याला हातभार लावतं. त्या क्षणी झटापट करू नये. श्वास संथ ठेवावा, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करावा. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत अंग मोकळं होतं.

दुसरा धोका आपल्याकडचा खास. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला, बहिणाबाईंना तुकोबांचा, हे कीर्तनात ऐकत आपण मोठे होतो. त्यामुळे स्वप्नात कुणी काही सांगितलं की तो संकेत वाटतो. पण गजर लावून ओढून आणलेल्या स्वप्नातला म्हातारा आपल्याच डोक्यातला असतो. त्याच्या सांगण्यावरून बोअर घेऊ नये, सोयरीक मोडू नये, कुणावर संशय धरू नये.

ज्यांना तरीही शिकायचं आहे, त्यांनी निरुपद्रवी भागापासून सुरुवात करावी. उशाशी वही ठेवून, उठल्यावर मोबाईल हातात घेण्याआधी स्वप्न लिहावं. वास्तव तपासायला दिवसातून काही वेळा नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहावा. स्वप्नात नाक बंद असूनही श्वास आत येतो. पाटीवरची अक्षरं एकदा वाचून नजर वळवावी आणि पुन्हा वाचावीत. स्वप्नात ती बहुधा बदलतात. भान आलं की हुरळून जाऊ नये, नाहीतर लगेच जाग येते. हात एकमेकांवर चोळत राहावं. गजराचा प्रयोग मात्र दुसऱ्या दिवशी उशिरा उठता येईल अशाच रात्री, तोही अधूनमधून.

रात्रीची पाळी असलेले, ऊसतोडीच्या हंगामातले मजूर, परीक्षा तोंडावर आलेली मुलं आणि सकाळी गाडी हाकणारे यांनी गजराच्या वाटेला जाऊ नये. गॅलँटामाइनच्या गोळीने अशी स्वप्नं वाढतात, हे २०१८ मध्ये लाबर्ज यांच्याच चाचणीत दिसलं. पण ते विस्मरणाच्या आजाराचं औषध आहे, डॉक्टरांशिवाय घेऊ नये.

आवाज ऐकू येणं, भ्रम होणं असा त्रास पूर्वी झालेल्यांनी हा खेळ टाळावा. जागेपणीही सगळं स्वप्नासारखं वाटू लागलं, झोपायचीच भीती बसली किंवा दिवसा डोळे मिटू लागले, तर प्रयोग त्याच दिवशी थांबवावा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात दाखवता येतं. तिथवर जायचा संकोच वाटला तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.