जुन्या मोटारीच्या इंजिनातील बिघाड : आधी निदान, मग पाना



कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, बंद होऊन वीस वर्षांवर काळ लोटला. उत्तरपाड्याची अँबॅसिडरही २०१४ मध्ये थांबली. तरी एखाद्या मळ्यावर अशी गाडी किंवा पेट्रोलची जुनी जीप अजून उभी असते, आणि घरचे लोक तिला विकायला तयार नसतात. अशी गाडी दम धरेनाशी झाली की कोणीतरी लगेच म्हणतो, "इंजिन काम निघालं!" हेड खोलले जाते आणि उसाच्या बिलातला मोठा तुकडा त्यात जातो. पुष्कळदा दोष असतो चिमूटभर कचऱ्याचा किंवा काळ्या पडलेल्या पॉइंटचा. म्हणून इंजिन खोलण्याआधी काय पाहावे, एवढेच येथे सांगतो.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : वेळेवर ठिणगी, बेताचे पेट्रोल आणि सिलिंडरमधला दाब. तपासणी याच क्रमाने करावी, कारण ठिणगी पाहायला पाच मिनिटे लागतात आणि दाबाचा दोष काढायला हेड उतरवावे लागते. पण त्याही आधी गाडी कशी बंद पडली ते आठवावे. दिवा विझावा तशी एकदम गेली असेल तर बहुधा करंटचा दोष. झटके देत, खोकत खोकत मेली असेल तर पेट्रोलचा. मिस्तरीने "गाडीले काय व्हयनं?" म्हणून विचारले तर "बंद पडली" एवढेच सांगू नये. थंड होती की तापलेली, चढावर की सपाटीला, हे सगळे सांगावे.

ठिणगी पाहण्यासाठी एक प्लग काढून तारेला लावावा आणि त्याचे लोखंडी अंग इंजिनाला टेकवावे. तार कोरड्या फडक्याने धरावी आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. दुसऱ्याने स्टार्टर मारला की निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी पडली पाहिजे. पिवळट, मरतुकडी पडली तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल पाहावी. पॉइंटमधली फट सुमारे ०.४ मि.मी. असावी. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदलावा, तो स्वस्त असतो. तारा काढल्या असतील तर लावताना क्रम चुकवू नये. फियाट, अँबॅसिडर आणि पेट्रोल जीप या तिन्हींचा क्रम १-३-४-२ असाच आहे.

काढलेला प्लग फेकू नका, तो इंजिनचा दाखला आहे. कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते, पांढराफटक असेल तर कमी पडते. तेलकट ओला असेल तर ऑइल वर चढते आहे.

आता आपल्याकडची खास अडचण. समजा वैशाखात भर दुपारी कासोद्याहून एरंडोलला येताना गाडी थांबली. अर्धा तास झाडाखाली उभी राहिली आणि मग बिनबोभाट सुरू झाली. याची कारणे दोन, आणि दोन्ही दिसायला सारखीच. एक, तापलेली कॉइल किंवा कंडेन्सर दम टाकतो. दुसरे, पंपात व नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो. गार झाल्यावर दोन्ही दोष दडून बसतात, म्हणून गाडी थांबल्याबरोबर, तापलेली असतानाच ठिणगी पाहावी. ठिणगी चांगली असेल तर पंपावर ओले फडके टाकावे. त्याने गाडी चालू झाली तर वाफच होती. मग नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर बांधून घ्यावी. टाकीचे झाकणही उघडून पाहा. 'सुस्स' आवाज होऊन हवा आत गेली तर झाकणाचे भोक बुजले आहे, पंपाचा काही दोष नाही.

पेट्रोलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ऊस उत्पादकांनी जाणून घ्यावी. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल होते. ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रयोग २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे झाले. २००३ पासून ५ टक्के, २०२२ मध्ये १० टक्के, आणि आता पंपावर २० टक्के मिश्रण मिळते. आपल्या उसाला त्यातून गिऱ्हाईक मिळाले ही चांगलीच गोष्ट आहे. पण या जुन्या गाड्या त्यासाठी केलेल्या नाहीत. इथेनॉल जुने रबर फुगवते किंवा चिरडवते, टाकीतला जुना गाळ सुटा करते आणि पाणी ओढते. पावसाळ्यात दोन-दोन महिने उभी राहिलेली गाडी सुरू होत नसेल तर टाकीच्या तळचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी आणि इथेनॉल. अशा वेळी टाकी धुण्यावाचून गत्यंतर नाही.

इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे त्याच जेटमधून जाणारे मिश्रण थोडे पातळ पडते. नव्या गाडीत कॉम्प्युटर ते सावरतो, कार्बोरेटर सावरत नाही. परीक्षा सोपी आहे. चालू गाडीचा चोक किंचित ओढा. चाल सुधारली तर पेट्रोल कमी पडते आहे. जेटमध्ये कचरा आहे का, कार्बोरेटरखालच्या गॅस्केटमधून हवा शिरते का, हे आधी पाहा. ते ठीक असेल तरच जेट थोडा मोठा करण्याचा विचार करा. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी मुळीच चालवू नये. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. नवा पडदा आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या मागून घ्याव्यात.

एवढे करूनही पद्मालयाच्या चढाला गाडी ओढत नसेल तर दाब पाहावा. स्विच बंद ठेवून हँडल सावकाश फिरवले की चारही सिलिंडर सारखेच अडले पाहिजेत. एखादा ढिला वाटला तर गेज लावून घ्यावे. मग त्या प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब चढला तर रिंगा झिजल्या. चढला नाही तर वाल बसत नाहीत, आणि त्या वेळी आधी टॅपेटची फट तपासावी. पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद झाले. लोखंडी हेडच्या जुन्या इंजिनात त्यानंतर वालाची बैठक झिजून ही फट कमी होत जाते. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम ढिले असतील तर हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव आहे. गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचे झाकण काढावे आणि मग इंजिन सुरू करावे. पाण्यात एकसारखे बुडबुडे आले तर खात्री झाली. तेव्हा मात्र हेड खोलावे, आणि नवे गॅस्केट बसवण्याआधी हेड सपाट आहे की वाकले आहे, हे पट्टी लावून मिस्तरीकडून आपल्यासमोर पाहून घ्यावे.