मांड्या ठणकू लागल्या तेव्हा

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली तरी माझं सिंहगड चढणं सुटलं नव्हतं. आतकरवाडीच्या पायवाटेने वर जायचं, पिठलं-भाकरी खाऊन उतरायचं. अटोर्व्हास्टॅटिनचा काडीचाही त्रास नव्हता. मग घसा धरला म्हणून एका दवाखान्यात क्लॅरिथ्रोमायसिन मिळालं. आधीची कोणती औषधं चालू आहेत, हे तिथे कुणी विचारलं नाही. काही दिवसांतच दोन्ही मांड्या ठणकू लागल्या. गड राहिला बाजूला, खुर्चीतून उठतानाही हात टेकावे लागत.

गड चढल्यावर पाय भरून येतात, पण दोन-तीन दिवसांत मोकळेही होतात. हे दुखणं दोन्ही बाजूंना सारखं होतं, विश्रांतीने हटत नव्हतं आणि पायातलं बळच गेलं होतं. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन्ही औषधांची नावं ऐकताच कारण ओळखलं. शरीरात अटोर्व्हास्टॅटिनचं विघटन करणाऱ्या एन्झाइमलाच क्लॅरिथ्रोमायसिन रोखतं. मग रोजचाच डोस रक्तात कैक पटींनी चढतो. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीके तपासलं, तेही वाढलेलं होतं. त्यांनी स्टॅटिन काही काळ थांबवलं, दुखणं ओसरल्यावर रोसुव्हास्टॅटिन कमी डोसने सुरू केलं. आता गड पुन्हा चढतो आहे.

म्हणून सगळा दोष गोळीवर टाकणं मला मान्य नाही. ब्रिटनमधल्या 'सॅमसन' अभ्यासात (२०२०) त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्यांना कधी स्टॅटिन, कधी औषध नसलेली गोळी दिली. त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग त्या नुसत्या गोळीवरही जाणवला. पण माझ्यासारखं खरं दुखणंही असतं, आणि त्याचं कारण शोधावं लागतं. थायरॉइड मंदावलेलं असेल तरी स्नायू दुखतात. सीकेची तपासणी करायची असेल तर आधीचे काही दिवस जोराचा व्यायाम नको. नुसत्या व्यायामानेही ते वाढतं.

लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण आल्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एरवी, विशेषतः स्टेंट बसवलेल्यांनी, गोळी परस्पर बंद करू नये. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, एझेटिमाइबसारखा दुसरा पर्यायही आहे. आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाल तेव्हा, त्यांनी विचारो वा न विचारो, चालू असलेल्या औषधांची यादी आधी त्यांच्यापुढे ठेवा.