चिपाडाची माती : माहीमच्या खाडीकाठचा एक धडा



रसवंतीवर ऊस चरकात घातला की रस गिऱ्हाइकाच्या पेल्यात जातो आणि चिपाडं मागच्या पोत्यात. त्या पोत्याचं पुढे काय होतं, हे विचारायची आपल्याला कधी गरज पडली नाही. आपला ऊस कारखान्यात येतो, चिपाडाचा बगॅस होतो, तो बॉयलरला जातो, त्यावर वाफ आणि वीज होते. उसाचं काही वाया जात नाही असं आपण पाहुण्यारावळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगतो. आता मुंबईची गोष्ट ऐका. माहीमची खाडी ओलांडली की वांद्रे लागतं. तिथे डॉ. आर. टी. दोशी नावाच्या गृहस्थांनी हीच उसाची चिपाडं वापरून आपल्या घराच्या गच्चीवर भाजीपाला आणि फळझाडं पिकवून दाखवली. पिशवीत किंवा पिंपात तळाला चिपाडं भरायची, त्यावर कुजलेलं खत, वर मातीचा पातळ थर, आणि त्यात रोप. झालं शेत!

शेतकऱ्याला हे पोरखेळासारखं वाटेल. पण त्यात हिशेब आहे. एक घनफूट ओली माती ४५-५० किलो भरते. गच्चीवर फूटभर मातीचा थर अंथरला तर स्लॅबवर केवढा भार येईल ते गवंड्याला विचारा. चिपाड हलकं असतं, पाणी धरून ठेवतं, मुळाला हवा मिळू देतं, आणि कुजता कुजता स्वतःच खत होतं. म्हणजे ज्याच्याकडे हातभर जमीन नाही अशा माणसाने आपल्या उसाचा उरलेला चोथा घेतला आणि त्याची जमीन केली.

पुढे २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गोदीतील मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर असाच प्रयोग सुरू झाला. तिथल्या खानपान विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांच्यापुढे रोजचा प्रश्न होता, की हजारो कामगारांच्या जेवणाची भाजी निवडली जाते, तिची देठं, साली, खरकटं टाकायचं कुठं? त्यांनी ते वरच्या मजल्यावर नेलं. गच्चीवर भाज्या आल्या, फळझाडं आली. त्यातूनच 'अर्बन लीव्ह्ज' नावाचा गट उभा राहिला, आणि ह्या मंडळींनी काही काळ माहीमच्या निसर्ग उद्यानातही सुट्टीच्या दिवशी एकत्र जमून शेती केली. बँकेतले कारकून, शिक्षिका, निवृत्त माणसं असे लोक रविवारी सकाळी हातात खुरपं घेऊन! गावाकडच्या माणसाला हसू येईल, पण हसण्याआधी पुढचं वाचावं.

ह्या लोकांनी जी पद्धत उचलली तिचं मूळ मुंबईत नाही, ते आपल्या कोल्हापुरात आहे. गणिताचे शिक्षक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. द्राक्षबागाईतदारांपासून परसबागेपर्यंत माणसाने स्वतः मोजून-मापून प्रयोग करावा, पान किती ऊन खातं याचा हिशेब ठेवावा, ही त्यांची शिकवण. त्यांचे शिष्य दीपक सचदे यांनी 'अमृतमाती' नावाने ती पुढे नेली. तिची सामग्री पाहा : १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ. हे तीन दिवस ठेवून रोज दोन-तीनदा ढवळायचं. मग एका भागाला दहा भाग पाणी घालून त्यात वाळलेला पालापाचोळा दिवसभर भिजवायचा आणि थरावर थर, मध्ये मूठ मूठ माती, असा ढीग रचायचा. गुळाने जिवाणू वाढतात, जिवाणू पाला कुजवतात. शेण आपलं, गूळ आपला, पाला आपला, शिकवणारा मास्तरही आपला. शिकले मात्र मुंबईवाले.

कचऱ्याच्या ढिगावरचं रान

वर ज्या निसर्ग उद्यानाचं नाव आलं त्याविषयी थोडं सविस्तर सांगणं भाग आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे चुलते-मामे एके काळी परळ-लालबागच्या गिरण्यांत होते. त्यांच्याकडे गेलेल्या जुन्या माणसांना शीव-वांद्र्याच्या बाजूने जाताना येणारा वास आठवत असेल. माहीमची खाडी आणि धारावी यांच्यामधल्या ह्या जागेवर मुंबईचा कचरा पडत असे. ते थांबलं. मग कचऱ्यावर माती पसरली गेली, झाडं लावली गेली, आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, 'महाराष्ट्र निसर्ग उद्यान' लोकांना खुलं झालं. क्षेत्र सुमारे ३७ एकर. आपल्याकडे एखाद्या बड्या सभासदाच्या खातेफोडीत एवढं क्षेत्र निघेल. पण मुंबईत, खाली कचरा असलेल्या जागेवर, तिथे आज दाट झाडी आहे, पक्षी आहेत, फुलपाखरं आहेत, पावसाचं पाणी साठवणारं तळं आहे.

मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ती जमीन सुधारली ती कुठल्या जादूने नव्हे. आधी वाईट टाकणं बंद झालं, मग वर पालापाचोळा पडत राहिला आणि कोणी तो पेटवला नाही. वर्षानुवर्षं पडलेलं पान तिथेच कुजलं. आपल्या भाषेत बोलायचं तर तिथे पाचट ठेवलं गेलं.

खाडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मुंबईची उगीच आरती ओवाळल्यासारखं होईल. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत तिच्यात काय काय पडतं ते सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या माणदेशात दोन वर्षांत मिळून जेवढा पडतो तेवढा, एका दिवसात! वर भरतीची वेळ. अरुंद झालेल्या नदीला आणि प्लास्टिकने तुंबलेल्या गटारांना ते पाणी पेललं नाही, शेकडो माणसं गेली. पुढे राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले, २०१८ साली प्लास्टिकबंदीचा कायदेशीर आदेश निघाला. माहीमच्या किनाऱ्यावर मात्र भरती रोज येते आणि आपण काल काय टाकलं ते आज परत आणून ठेवते. सप्टेंबर २०१७ पासून तिथले काही रहिवासी सुट्टीच्या दिवशी हातमोजे घालून तो कचरा उचलू लागले. आज साफ केलेली वाळू पुढच्या भरतीला पुन्हा भरते. माहीमच्या कोळीवाड्यातल्या लोकांना विचारलं तर जाळ्यात मासळीआधी काय येतं ते ते सांगतील.

आपल्या गावच्या ओढ्याला भरती येत नाही. म्हणून फवारणीच्या रिकाम्या बाटल्या, ठिबकच्या फाटक्या नळ्या, गुटख्याच्या पुड्या वाहून गेल्या की आपल्याला त्या पुन्हा दिसत नाहीत. दिसतात खालच्या गावाला. वरच्या गावाचं आपल्याला दिसतं, तेव्हा आपण शिव्या घालतो, इतकंच.

आपल्या ताटातली भाजी

आता मूळ मुद्द्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की मोठ्या माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाजी खावी. घरात पाच माणसं धरली तर रोज दोन किलो, महिन्याला ६० किलो झाली. ज्या सभासदाचा चार एकर ऊस आहे त्याच्या घरी महिन्याला ६० किलो भाजी येते का? प्रामाणिकपणे हात वर करा! बाजाराच्या दिवशी एक पिशवी येते, दोन दिवस वांगी-मेथी होते, मग आमटी-भात आणि पोरांना पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. बांधाला बांध लागून ऊस, आणि कोथिंबिरीची जुडी विकत! आमच्या आजीच्या वेळी मोटेच्या थारोळ्यापाशी मिरची, घेवडा, दोडका, कारलं, आळू असायचं. ऊस आला, पैसा आला, हे बरंच झालं. पण त्या कोपऱ्याची जागाही उसाने खाल्ली.

एक गुंठा पुरे. म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. चाळीस गुंठ्यांतला एक गेला तर उसाचं बिल बुडत नाही. त्यात बारमाही शेवगा आणि कढीपत्ता कडेला, मांडवावर दोडका-कारलं-घेवडा, वाफ्यात पालेभाजी आळीपाळीने. औषध फवारायचं नाही, कारण हे आपल्याच पोटात जाणार आहे. विकायच्या मालावर मनगट भरून फवारणारा माणूस घरच्या वाफ्यावर हात आखडतो, हे मी पाहिलेलं आहे. ह्यातून त्याला काय माहीत आहे ते कळतं, असो.

घरच्या वाफ्यावर काम करणाऱ्याला व्यायामासाठी वेगळं काही करावं लागत नाही. पण आता वाड्यातून मळ्यात जायलाही मोटारसायकल लागते, अर्धा मैल! डॉक्टर साखरेच्या आजारासाठी चालायला सांगतात तेव्हा तोच माणूस सकाळी बूट घालून डांबरी रस्त्याने धुरात चालतो. मळ्यापर्यंत पायी किंवा सायकलवर गेला असता तर औषधही झालं असतं आणि पेट्रोलही वाचलं असतं.

साखरेचं नाव निघालंच आहे, तर साखर कारखान्याच्या अंकात बोलू नये ते बोलतो. त्याच आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं आहे, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्के, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, सहा चमचे, त्याहून बरी. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, कारखान्यात गेला की चहा, बँकेत गेला की चहा. प्रत्येक कपात दोन चमचे धरा आणि हिशेब करा. साखर पिकवावी, विकावी, सणाला खावी. मालक म्हणून रोज आपणच संपवावी असा काही पोटनियम नाही.

फड तुटल्यावरची काडी

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी ठेवली आहे, कारण त्यावर वाद होणार हे ठाऊक आहे. एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, थोडं स्फुरद, एक टक्क्याच्या आसपास पालाश आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. नुसतं नत्रच धरलं तर ४० ते ५० किलो, म्हणजे युरियाची दोन पोती. काडी लावली की ते नत्र धुरातून गेलं. वरच्या थरातले जिवाणू भाजले, जमीन उघडी पडली, पाण्याची पाळी लवकर आली. आणि मग आपण सेवा सोसायटीत उभे राहून युरिया मिळत नाही म्हणून ओरडतो.

धूर कुठे जातो? हंगाम थंडीचा. थंडीत संध्याकाळी आणि पहाटे हवा जड असते, धूर वर न चढता शिवारातच पसरतो. बारीक कण थेट फुप्फुसात जातात. दमेकरी म्हातारी, वाड्यातलं तान्हं बाळ, ह्यांना त्याचा पहिला त्रास. पण आणखी कोणी तरी आहे. फड तुटला तरी टोळी गेलेली नसते, ती शेजारच्या फडात असते. तिच्या कोप्या आपल्या काडी लावलेल्या रानाच्या कडेला असतात. आईबाप पहाटे तोडीला गेलेले, आणि कोपीत झोपलेली पोरं तो धूर खातात. त्यांच्या खोकल्याची दवाखान्यात नोंद होत नाही, कारण तोवर टोळी पुढच्या गावाला गेलेली असते.

काही सभासद म्हणतात, पाचट ठेवलं तर उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही, फुटवा दबतो. ह्यात तथ्य नाही असं नाही. पाचट बुडख्यावर तसंच राहिलं तर फुटवा दबणारच. म्हणून ते सरीत ओढून घ्यावं, बुडखे जमिनीलगत छाटावेत. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाकावेत, मग पाणी द्यावं. कुट्टी करणारं यंत्र मिळालं तर काम आणखी सोपं. पहिल्या वर्षी मजुरी थोडी जास्त लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना धीर होत नाही त्यांनी सगळ्या खोडव्याला न करता बांधाकडच्या दहा सऱ्यांना करून पाहावं, आणि उन्हाळ्यात शेजारच्या सरीत व ह्या सरीत कुदळीचा एकेक घाव घालून ओल कुठे आहे ते स्वतः बघावं. दाभोळकर सर हेच सांगत.

परसबागेला पाणी कुठून आणायचं, असं भगिनी विचारतील. मोरीचं सांडपाणी दारात डबकं करून डास पोसतं, तेच वळवावं. त्या वाटेवर आधी केळीचे दोन खुंट आणि आळू लावावं, साबणाचं पाणी ते सोसतात. पालेभाजीच्या वाफ्याला मात्र विहिरीचंच पाणी द्यावं. पाट काढायला एक कुदळ आणि अर्धा तास लागतो.